आकाशांतून येणारा रेडिओ ट्रकमध्यें कसा बसवितात ?

घरांतील रेडिओचें बटण फिरविलें कीं गाणें लागतें, यांत आज कोणास नवल वाटत नाहीं. परंतु ज्या रेडिओचा आवाज गांवाजवळच्या मनोऱ्यावरून न येतां सुमारें ३६,००० किलोमीटर उंचीवरील उपग्रहावरून येतो, आणि तोहि धांवत्या गाडींत येतो, अशा रेडिओची माहिती आपल्या शाळेंतील पुष्कळ विद्यार्थ्यांस नसेल. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत व शेजारच्या कॅनडांत हा 'उपग्रह-रेडिओ' गेलीं वीसांहून अधिक वर्षें चालू आहे, व ज्यांचे आप्त तिकडे राहतात त्यांच्या कानांवर त्याचें नांव आलेंहि असेल. तो सामान्य मनुष्याच्या मालवाहू गाडींत, म्हणजे पिकअप ट्रकमध्यें, कसा बसवितात हें आम्ही येथें क्रमानें सांगणार आहों. विषय परदेशचा असला तरी त्यांतील पदार्थविज्ञान वर्गांत शिकविलें जातें तेंच आहे. शिवाय त्यांत एक बोधहि आहे. आकाशांतलें काम कोट्यवधि डॉलर खर्चून इतरांनीं केलेलें असतें. शेवटच्या पांच-सात हातांचें काम मात्र ज्याचें त्यानें करावयाचें असतें, आणि तेंच निष्काळजीपणानें झालें तर बाकीचें सर्व फुकट जातें.

प्रथम पिकअप ट्रक म्हणजे काय तें पाहूं. पुढें दोन ते सहा माणसें बसण्याची बंद केबिन आणि मागें माल टाकण्यास उघडा हौदा, अशी ही गाडी असते. फोर्ड कंपनीनें १९२५ सालीं आपल्या 'मॉडेल टी' गाडीस मागें असा हौदा जोडून ती कारखान्यांतूनच विकावयास काढली. तेव्हांपासून अमेरिकेंतील शेतकरी, सुतार, गवंडी, नळकाम करणारे कारागीर यांची ही नित्याची सोबतीण झाली आहे. त्या देशांतील अंतरें फार मोठीं. नेब्रास्का या एका राज्यांतून जाणारा ८० क्रमांकाचा राजमार्गच सुमारें ७३० किलोमीटर लांब आहे. अशा वाटेवर साध्या एफ्. एम्. रेडिओची काय स्थिति होते पाहा. एफ्. एम्. च्या लहरी बहुतांशीं सरळ रेषेंत जातात, आणि पृथ्वी गोल असल्यामुळें मनोरा क्षितिजाआड गेला कीं त्या क्षीण होऊं लागतात. एका केंद्राचा आवाज साधारणपणें साठ ते शंभर किलोमीटरपर्यंतच नीट पोंचतो. म्हणजे दर तासाभरानें चालू असलेलें भाषण वा गाणें खरखरीत बुडून जातें व चालकास एका हातानें सुकाणूचक्र धरून दुसऱ्या हातानें नवें केंद्र हुडकावें लागतें. मनोरा जर इतका उंच असेल कीं तो अर्ध्या खंडावरून दिसावा, तर ही अडचण राहणार नाहीं. इतका उंच मनोरा बांधणें अशक्य. परंतु उपग्रह हें काम करूं शकतो.

या कल्पनेचा इतिहास मनोरंजक आहे. आर्थर सी. क्लार्क या इंग्लिश लेखकानें १९४५ च्या ऑक्टोबर महिन्यांत 'वायरलेस वर्ल्ड' या मासिकांत एक लेख लिहून असें दाखविलें कीं, विषुववृत्ताच्या वर सुमारें ३६,००० किलोमीटर उंचीवर ठेवलेला उपग्रह पृथ्वीबरोबरच चोवीस तासांत एक प्रदक्षिणा करील व त्यामुळें जमिनीवरून तो एकाच जागीं स्थिर असल्यासारखा दिसेल. त्या वेळीं एकहि कृत्रिम उपग्रह आकाशांत नव्हता. पुढें एकोणीस वर्षांनीं, १९६४ सालीं, 'सिन्कॉम ३' हा अशा प्रकारचा पहिला स्थिर उपग्रह सोडला गेला आणि त्याच वर्षीं टोकिओ येथील ऑलिंपिक सामन्यांचीं दृश्यें त्याच्या द्वारें अमेरिकेस पोंचलीं.

गाडींतील रेडिओसाठीं मात्र आणखी बरींच वर्षें जावीं लागलीं. अमेरिकन सरकारनें १९९७ सालीं दोन कंपन्यांस परवाने दिले. पुढें त्या 'एक्स्. एम्.' व 'सिरियस' या नांवांनीं प्रसिद्ध झाल्या. एक्स्. एम्. कंपनीनें २००१ सालीं दोन स्थिर उपग्रह सोडले व त्यांस 'रॉक' आणि 'रोल' अशीं गमतीचीं नांवें दिलीं. त्याच वर्षाच्या सप्टेंबरांत तिचे कार्यक्रम सुरू झाले. सिरियसनें २००० सालीं तीन उपग्रह लांबट कक्षेंत फिरत ठेवले होते. ते पाळीपाळीनें अमेरिकेच्या जवळजवळ डोक्यावर येत. तिचें प्रक्षेपण २००२ सालीं सुरू झालें. दोन्ही कंपन्या जुलै २००८ मध्यें एक झाल्या व 'सिरियस एक्स्. एम्.' असें जोडनांव धारण केलें. आकाशांतील हें काम किती जोखमीचें असतें हें एका उदाहरणानें कळेल. डिसेंबर २०२० मध्यें या कंपनीसाठीं सोडलेला सुमारें सात हजार किलो वजनाचा एक नवा उपग्रह वर सुखरूप गेला. परंतु त्यांतील प्रक्षेपणाचीं यंत्रें चांचणींतच बिघडून तो वायां गेला. जून २०२१ मध्यें दुसरा सोडला, तो व्यवस्थित चालूं लागला.

आतां हा आवाज खालीं कसा येतो ? जमिनीवरील केंद्रांतून कार्यक्रम उपग्रहाकडे पाठविला जातो व उपग्रह तो २३२० ते २३४५ मेगाहर्ट्झ या पट्ट्यांतील लहरींवर खालीं पसरवितो. या लहरींची लांबी सुमारें १३ सेंटीमीटर, म्हणजे एफ्. एम्. लहरीच्या मानानें फारच आंखूड असते. प्रकाशाच्या वेगानें, म्हणजे सेकंदास तीन लाख किलोमीटर या गतीनें, वर जाऊन परत खालीं येण्यास तिला सुमारें पाव सेकंद लागतो. परंतु एवढ्या प्रवासांत ती साऱ्या खंडभर पसरते, आणि एका ट्रकच्या वांट्यास तिचा अतिशय सूक्ष्म अंश येतो. शिवाय ती आंखूड असल्यामुळें डोंगर, पूल, इमारत व दाट ओली पालवी यांच्या आड सहज अडते.

याकरितां योजकांनीं तीन युक्त्या केल्या आहेत. पहिली ही कीं, एकच कार्यक्रम एकाहून अधिक उपग्रहांवरून पाठवितात. एक आड गेला तर दुसरा दिसत असतो. दुसरी अशी कीं, एक्स्. एम्. च्या दोन उपग्रहांपैकीं एकावरील कार्यक्रम सुमारें चार सेकंद मागें ठेविलेला असे. रेडिओ पुढें आलेला भाग स्मरणांत सांठवून मागून येणाऱ्याशीं जुळवितो, म्हणून क्षणभर दोन्ही उपग्रह झांकले गेले तरी आवाज खंडत नाहीं. विद्यार्थ्यांनीं येथें एक लहानसें गणित करावें. ताशीं १०० किलोमीटर वेगानें जाणारा ट्रक चार सेकंदांत किती अंतर कापील ? उत्तर सुमारें १११ मीटर येतें. म्हणजे साधा पूल गाडी ओलांडून गेली तरी ऐकणारास कांहीं कळत नाहीं. लांब बोगद्यांत मात्र आवाज थांबतो. तिसरी युक्ति मोठ्या शहरांसाठीं आहे. तेथें उंच इमारतींमुळें आकाश दिसत नाहीं, म्हणून जमिनीवर ठिकठिकाणीं सहायक प्रक्षेपक उभे केले आहेत. खेडोपाडीं ते नसतात. तेथें सारी भिस्त आकाशावरच.

सुटा रेडिओ विकत घेतला म्हणजे पेटींत साधारणपणें पुढील वस्तु निघतात : हातांत मावेल असा रेडिओ, तो अडकविण्याची बैठक, काड्यापेटीएवढी लोहचुंबकी अँटेना व तिला जोडलेली सहा-सात मीटर लांबीची बारीक केबल, गाडीच्या १२ व्होल्टच्या खांचेंत बसणारी वीजजोडणी, आणि आवाजाची एक तार. रेडिओ बैठकीवरून काढून घरीं नेतां येतो व तेथील दुसऱ्या बैठकीवर लावतां येतो, म्हणूनच त्यास सुटा किंवा फिरता म्हणावयाचें. या सर्वांत महत्त्वाची वस्तु कोणती असें विचाराल तर आम्ही रेडिओकडे बोट न दाखवितां त्या काड्यापेटीएवढ्या अँटेनेकडे दाखवूं.

अँटेनेचा पहिला नियम असा कीं, तिला मोकळें आकाश दिसलें पाहिजे. कित्येक लोक ती आंत डॅशबोर्डावर, पुढच्या कांचेखालीं ठेवितात. तेथें वरचा टप अर्धें आकाश झांकतो. शिवाय कांहीं गाड्यांच्या कांचेवर ऊन परतविण्यासाठीं धातूचा पातळ थर दिलेला असतो, तोहि लहरी अडवितो. म्हणून अँटेनेची खरी जागा म्हणजे टपाचा बाहेरचा पृष्ठभाग. दुसरा नियम असा कीं, तिच्या चारी बाजूंस निदान चार बोटें सपाट धातूचा पत्रा असावा. हा पत्रा तिचा आरसा होय. वरून येणारी लहर त्यावर आदळून परावृत्त होते व खालून येणारा इतर यंत्रांचा गोंगाट त्यामुळें अडतो. टपाच्या अगदीं कडेस लावलेल्या अँटेनेस हा आरसा एका बाजूस फुटकाच मिळतो.

तिसरा नियम पिकअप ट्रकचा खास आहे. स्थिर उपग्रह विषुववृत्तावर असतात, म्हणून उत्तर गोलार्धांतील अमेरिकेस ते दक्षिणेच्या बाजूस दिसतात. नेब्रास्कासारख्या ठिकाणीं क्षितिजापासून सुमारें ४० अंश उंचीवर. आतां हौद्यांत टपापेक्षां एक मीटर उंच असें सामान भरलें आणि ट्रक उत्तरेकडे निघाला, तर उपग्रह बरोबर त्या सामानाच्या मागें येतात. ४० अंशांच्या कोनाची स्पर्शज्या सुमारें ०.८४ आहे, तेव्हां सामानापासून १.२ मीटरच्या आंत असलेली अँटेना त्याच्या सांवलींत सांपडेल. जो नेहमीं शिड्या, कपाटें किंवा गवताच्या गंज्या नेतो, त्यानें अँटेना टपाच्या पुढच्या भागाकडे लावावी. ज्याचा हौदा बहुधा रिकामा वा कमी भरलेला असतो, त्यास मागची बाजू चालेल, व केबल आंत घेण्यास ती सोयीचीहि पडेल. इतर अँटेना टपावर असतील तर त्यांपासूनहि हिला दूर ठेवावें.

येथें एक मौज सांगण्यासारखी आहे. फोर्ड कंपनीनें आपल्या 'एफ्-१५०' या अत्यंत खपाच्या ट्रकचें बाह्य अंग व हौदा २०१५ च्या नमुन्यापासून ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा केला. खालची चौकट तेवढी पोलादी ठेविली. ॲल्युमिनियमला लोहचुंबक चिकटत नाहीं ! टपावर ठेवलेली अँटेना पहिल्याच वळणावर घसरून खालीं लोंबूं लागेल. यावर उपाय सोपा आहे : टप स्वच्छ पुसून त्यावर पोलादाची एक पातळ चकती मजबूत चिकटपट्टीनें बसवावी व तिच्यावर अँटेना ठेवावी. चुंबकास लोखंड लागतें, परंतु आरशाचें काम कोणताहि सुवाहक धातु करितो, म्हणून आवाजास कांहीं बाध येत नाहीं. याच्या उलट हौद्यावर कधीं कधीं कांचतंतूंचें छप्पर बसवितात, तेथें चुंबकहि धरत नाहीं व आरसाहि मिळत नाहीं. आकर्षण आणि परावर्तन हे दोन निराळे गुणधर्म आहेत, हें पाठ्यपुस्तकांतील वाक्य यापेक्षां चांगल्या रीतीनें कोण शिकवील ? अँटेना हलवावयाची झाली तर ती घसपटत नेऊं नये, उचलून ठेवावी. नाहींतर खालची धूळ रंगावर ओरखडे काढते.

अँटेना बसली कीं केबल आंत आणावयाची. ट्रकमध्यें याचे दोन मार्ग आहेत. एक म्हणजे दाराच्या चौकटीचें रबर. केबल टपावरून दाराच्या मागच्या कोपऱ्याशीं आणून रबराच्या खालीं सरकवावी, तशीच तळापर्यंत उतरवून पायाखालच्या पट्टीच्या आंतून पुढें न्यावी. दुसरा मार्ग अधिक नीटस आहे. केबिनच्या मागच्या बाजूस, टपाच्या कडेशीं मधोमध, बहुतेक ट्रकांना तिसरा ब्रेकचा दिवा असतो. त्याचे स्क्रू काढून दिवा बाजूस केला म्हणजे आंत जाण्यास आयती वाट सांपडते. तेथून केबल मागच्या भिंतीच्या अस्तरामागून सीटच्या पाठीशीं उतरते. परंतु दिव्याखालची रबरी गादी पुन्हां जशीच्या तशी बसली पाहिजे, नाहींतर पहिल्या पावसांत पाणी आंत शिरेल. कोणत्याहि मार्गानें आणा, आंत शिरण्याच्या आधीं केबलला खालच्या बाजूस थोडा झोळ द्यावा. पाणी केबलच्या अंगानें वाहत येतें व झोळाच्या तळाशीं येऊन गळून पडतें. उरलेली केबल कापूं नये. तिची सैलसर गुंडाळी करून सीटमागें ठेवावी. ती मुरगळली वा दाराच्या कडींत चेपली गेली तर बाहेरून धड दिसते, पण आंतील बारीक तार आणि तिच्या भोंवतींचें जाळें यांचें अंतर बिघडून संदेश मरतो.

याच ठिकाणीं एका गंभीर गोष्टीचा इशारा देणें आमचें कर्तव्य आहे. आजच्या गाड्यांत टक्कर झाली असतां माणसांस वांचविण्यासाठीं हवेच्या पिशव्या असतात. त्या केवळ सुकाणूचक्रांतच नव्हे, तर पुष्कळ गाड्यांत पुढच्या खांबांच्या आंत व दारांच्या वरच्या कडेनेंहि घडी करून ठेवलेल्या असतात. त्या सेकंदाच्या अगदीं लहान अंशांत फुगतात. त्यांच्या तोंडावरून जर कोणी केबल ताणून नेली असेल, तर पिशवीचें फुगणें अडखळेल, किंवा तीच केबल चाबकासारखी माणसाच्या तोंडावर बसेल. जें साधन जीव राखण्यासाठीं ठेविलें त्याच्याच आड मनोरंजनाची तार यावी, यासारखी खेदाची गोष्ट दुसरी नाहीं. गाडीच्या माहितीपुस्तकांत पिशव्यांच्या जागा दाखविलेल्या असतात. त्या पाहिल्यावांचून खांबाच्या आवरणास हात लावूं नये.

आतां विजेकडे वळूं. सर्वांत सोपी रीत म्हणजे सिगारेट लायटरच्या खांचेंत जोडणी बसविणें. कांहीं ट्रकांत ही खांच चावी काढली कीं मृत होते, कांहींत ती सदैव जिवंत असते. दुसऱ्या प्रकारांत रेडिओ चालू राहून गेला तर तो थोडथोडी वीज सतत पीत राहील. म्हणून उतरतांना तो बंद करण्याची संवय ठेवावी. ज्यांस लोंबती तार नको असते ते फ्यूजच्या पेटींतून कायमची जोडणी घेतात. त्यांनीं चावी फिरविल्यावरच जिवंत होणारा फ्यूज निवडावा, काम सुरू करण्यापूर्वीं बॅटरीचें ऋण टोंक सोडवून ठेवावें (डीझेलच्या ट्रकांत पुष्कळदां दोन बॅटऱ्या असतात, हें विसरूं नये), आणि आपल्या नव्या तारेस तिचा स्वतःचा लहान फ्यूज अगदीं उगमाजवळ जोडावा.

फ्यूज कशासाठीं, हें पुष्कळांस नीट ठाऊक नसतें. तो रेडिओच्या रक्षणासाठीं नसून तारेच्या रक्षणासाठीं असतो. समजा रेडिओस ५ व्होल्टवर १ ॲम्पिअर, म्हणजे ५ वॉट शक्ति लागते. १२ व्होल्टच्या बाजूनें पाहिल्यास हा प्रवाह अर्ध्या ॲम्पिअरच्या आसपास होतो. परंतु तीच तार पत्र्याच्या धारेवर घांसून उघडी पडली व गाडीच्या अंगास लागली, तर तिचा रोध जवळजवळ शून्य होतो, आणि ओहमच्या नियमाप्रमाणें प्रवाह भयंकर वाढतो. ट्रकची बॅटरी शेंकडों ॲम्पिअर देऊं शकते. बारीक तार पाहतां पाहतां लाल होऊन तिच्या आवरणास व सीटच्या कापडास आग लागेल. दोन ॲम्पिअरचा फ्यूज मध्यें असेल तर तो तत्काळ वितळून प्रवाह तोडील. म्हणून जेथें तार पत्र्याच्या भोंकांतून जाते तेथें रबरी कडें बसवावें, व फ्यूज उडाल्यास कारण न शोधतां त्याहून मोठा फ्यूज कधींहि घालूं नये.

रेडिओ बोलूं लागला, पण त्याचा आवाज ट्रकच्या ध्वनिवर्धकांत कसा न्यावा ? याचे चार प्रकार आहेत. ट्रकच्या मूळ रेडिओस आवाजाची वेगळी खांच असेल तर एक तार जोडली कीं काम झालें. हा प्रकार सर्वांत उत्तम. जुन्या ट्रकमध्यें कॅसेटची सोय असल्यास कॅसेटच्या आकाराचा एक जोड मिळतो. तिसऱ्या प्रकारांत मूळ रेडिओच्या अँटेनेची तार सोडवून मध्यें एक लहान पेटी बसवितात व तिच्यांतून आवाज एफ्. एम्. च्या रूपानें थेट तारेनें देतात. चौथा प्रकार बिनतारी : सुटा रेडिओच एक क्षीण एफ्. एम्. लहर सोडतो व मूळ रेडिओ ती पकडतो. हा ऐकावयास फार सोपा वाटतो, परंतु शेजारच्या गाडीस त्रास होऊं नये म्हणून कायद्यानें या लहरीचें बळ फारच थोडें ठेविलें आहे. शिवाय पुष्कळ ट्रकांची एफ्. एम्. अँटेना पुढच्या चाकावरील पंखावर, केबिनच्या बाहेर असते. परिणामीं शहर बदललें कीं त्याच जागीं एखादें बलाढ्य केंद्र येऊन बसतें आणि आपला आवाज दाबून टाकतें. तारेची जोडणी केल्यावर इंजिनच्या गतीबरोबर चढणारी शीळ ऐकूं आली, तर वीज व आवाज या दोन तारांच्या भूमि-जोडण्या मिळून वर्तुळ झालें आहे असें बहुधा समजावें. तें तोडणारा लहान जोड बाजारांत मिळतो.

रेडिओची बैठक कोठें लावावी ? हात फारसा न लांबवितां पोंचेल व रस्त्यावरून दृष्टि क्षणभरहि ढळणार नाहीं अशा जागीं. पुढच्या कांचेंतील दृश्याआड नाहीं, आणि हवेच्या पिशवीच्या झांकणावर तर मुळींच नाहीं. आवडीचीं केंद्रें गाडी उभी असतांनाच बटणांवर बसवून ठेवावीं. बंद ट्रक उन्हांत उभा राहिला कीं डॅशबोर्ड भाजून निघतो. ज्या सुट्या रेडिओच्या पोटांत बॅटरी असते त्यास ही उष्णता सोसत नाहीं. म्हणून उतरतांना तो बैठकीवरून काढून बरोबर न्यावा. चोरासहि मोह होत नाहीं.

सर्व तारा पक्क्या करण्यापूर्वीं एकदां कच्ची मांडणी करून पाहणें शहाणपणाचें. ट्रक मोकळ्या मैदानांत उभा करावा, रेडिओ चालू करून शून्य क्रमांकाच्या केंद्रावर दिसणारा त्याचा ओळख-क्रमांक कंपनीस कळवावा. कंपनी उपग्रहावरूनच त्या विशिष्ट रेडिओस उद्देशून आज्ञा पाठविते व त्याचें कुलूप उघडतें. पुष्कळ रेडिओंवर उपग्रहाचा व जमिनीवरील प्रक्षेपकाचा जोर दाखविणाऱ्या वेगवेगळ्या रेघा असतात. ट्रक सावकाश चारी दिशांस फिरवून उपग्रहाची रेघ सारखी राहते कीं नाहीं तें पाहावें; एकाच दिशेस ती खालीं येत असेल तर अँटेनेची जागा बदलावी. शहरांत नुसता आवाज येतो एवढ्यावर समाधान मानूं नये. तो प्रक्षेपकाच्या मदतीनें येत असेल, आणि खरी परीक्षा खेड्याच्या रस्त्यावर होईल.

हें वाचून कोणी म्हणेल कीं, अमेरिकेंतील काकांस असा एक रेडिओ पाठविण्यास सांगूं. तसें करण्यांत अर्थ नाहीं. ते उपग्रह पश्चिम गोलार्धावर, पृथ्वीच्या पलीकडच्या बाजूस आहेत. आपल्या क्षितिजावर ते कधींच येत नाहींत, आणि अँटेना कितीहि नीट लावली तरी ती पृथ्वीच्या आरपार पाहूं शकत नाहीं. आपल्याकडे निराळा उपग्रह होता. 'वर्ल्डस्पेस' कंपनीचा 'एशियास्टार' हा उपग्रह मार्च २००० मध्यें सोडला गेला व १०५ अंश पूर्व रेखांशावर स्थिर झाला. मुंबईहून तो पूर्व आणि आग्नेय यांच्या दरम्यान दिसे. त्याचा रेडिओ बहुधा घरींच ऐकला जाई. अँटेना खिडकींत किंवा गच्चींत ठेवून त्या दिशेस रोखावी लागे. हिंदुस्थानी रागदारीचें 'गांधर्व' व कर्नाटक संगीताचें 'श्रुति' हीं त्यावरील केंद्रें दिवसरात्र चालत, आणि जाहिरातींवांचून गाणें ऐकण्याची हौस असणारे कित्येक रसिक वर्गणी भरून तीं ऐकत. मूळ कंपनी २००८ सालीं दिवाळखोरींत गेली आणि ३१ डिसेंबर २००९ रोजीं भारतांतील ही सेवा बंद पडली. घरोघरचीं यंत्रें धडधाकट असूनहि मुकीं झालीं. अमेरिकेंत शेवटच्या चार हातांची काळजी घ्यावी लागते म्हणून आम्ही वर सांगितलें. येथें त्या चार हातांत कांहींहि उणें नसतां छत्तीस हजार किलोमीटरची बाजूच तुटली. दोन्ही टोकें जोडलेलीं असतील तरच वाणी पोंचते.

आजकाल मोबाईलवरहि जगांतील गाणीं ऐकतां येतात, व शहरांत राहणारास उपग्रह-रेडिओची गरज भासणार नाहीं. परंतु जेथें मैलोन्‌मैल मोबाईलचा मनोरा नाहीं, अशा माळावरून एकटा जाणाऱ्या ट्रकवाल्यास तो अजूनहि सोबत देतो. त्या सोबतीची किंमत वर्गणीच्या पैशांत जेवढी आहे तेवढीच झोळ दिलेल्या केबलींत, उगमाशीं लावलेल्या फ्यूजांत आणि पिशवीच्या वाटेंतून बाजूस सारलेल्या तारेंत आहे. हीं कामें कोणी पाहत नाहीं, कोणी वाखाणीत नाहीं. आमच्या विद्यार्थ्यांनीं पुढें घरचा साधा दिव्याचा खटका बसविला किंवा मोठा कारखाना चालविला तरी हें ध्यानांत ठेवावें : नजरेआड राहणारें काम नजरेसमोरच्या कामाइतकेंच नेटकें झालें पाहिजे, कारण प्रसंगीं कोणाचा तरी जीव त्यावरच अवलंबून असतो.